फटफटीच्या पोटातलं ऑइल

माझ्या धाकट्या बहिणीला मी दर गुरुवारी ज्या गोष्टी सांगते, त्यातल्या निम्म्या खऱ्या असतात आणि निम्म्या मी तिच्याकडे जाताना वाटेत तयार करते. हे मी कधी लपवलेलं नाही. तिचे दोन्ही गुडघे गेलेत, राहते तिसऱ्या मजल्यावर, आणि खिडकीतून तिला दिसतं काय, तर एक विजेचा खांब आणि एका गोदामाची पाठ. तेवढ्यावर माणसानं आठवडा काढायचा कसा? म्हणून मी जरा हात सैल सोडते. मागच्या महिन्यात आमच्या नळातून जिवंत मासा आला. त्याआधी पोस्टमनच्या मागे लागलेल्या कुत्र्यानं शेवटी दमून त्यालाच पत्रं वाटायला मदत केली. ती सगळं ऐकून घेते, पोट धरून हसते आणि शेवटी एकच विचारते, "ताई, ह्यातलं खोटं किती?" मी खरं खरं सांगून टाकते. आमचा तसा ठरावच आहे.

आता जी सांगणार आहे, तिच्यात मी फक्त धूर थोडा वाढवलाय. बाकी सगळं जसं झालं तसं.

तिच्याकडे मी जाते ती ह्यांच्या फटफटीवर, मागे बसून. बसनं जायचं तर दोनदा बदलावी लागते आणि दुसरी बस येते की नाही हे ड्रायव्हरलाही माहीत नसतं. लेकाची मोटार आहे, पण त्या मोटारीचं वेळापत्रक म्हणजे "बघू". "आईला गुरुवारी सोडशील का?" "बघू." असं बघता बघता दोन गुरुवार गेले होते एकदा, आणि बहिणीनं फोनवर विचारलं होतं, "ताई, गोष्टी संपल्या का गं?" तेव्हापासून मी मोटारीचं नाव काढलेलं नाही.

तर त्या फटफटीच्या नोंदणीची मुदत संपत आली. वाढवून घ्यायची तर गाडी सरकारी तपासणीला न्यायची. पास झाली की पुढची काही वर्षं निर्धास्त. नापास झाली तर दुरुस्त करून पुन्हा नेता येते म्हणतात, पण आमच्या लेकानं तेवढी फट ठेवली नाही.

"बाबा, एकदाच. नापास झाली तर गाडी भंगारात. तुमचं वय काय, तिचं वय काय."

"तिचं वय माझ्यापेक्षा कमी आहे," हे म्हणाले.

"लिहून द्या."

आणि ह्यांनी लिहून दिलं. इथे तुम्हाला ह्यांच्याविषयी सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. हे वजनमापे खात्यात निरीक्षक होते. आयुष्यभर दुकानदारांची मापं तपासली. निवृत्त होताना सहकाऱ्यांनी एक लिटरचं पितळी माप दिलं, खालच्या बाजूला सरकारी शिक्का असलेलं. दुसऱ्या एखाद्यानं ते कपाटात मांडलं असतं. आमचे हे ते फटफटीच्या डिकीत ठेवतात आणि पेट्रोल पंपावर आधी मापात पेट्रोल घेऊन मग टाकीत ओततात. आमच्या रस्त्यावरचा पंपवाला लांबून फटफटीचा आवाज ऐकला की चहाला जातो.

घरातही तसंच. फ्रिजच्या बाजूला खिळ्याला एक वही टांगलेली असते. काम केलं की वहीत लिहायचं आणि पुढे सही. पाण्याचा फिल्टर धुतला, सही. घड्याळाचा सेल बदलला, सही. सही नसेल तर ते काम झालेलंच नाही, मग घड्याळ डोळ्यांसमोर टिकटिकत असलं तरी. एकदा मी दोन दिवस ह्यांच्याशी बोलत नव्हते, तर त्याचीही नोंद आहे, सुरू झाल्याची वेळ आणि मिटल्याची वेळ. मिटल्याच्या ठिकाणी माझी सही घेतलीय.

तपासणीला साडेतीन आठवडे होते. ह्यांनी कानवाल्या मिस्त्रींना बोलावलं. इंजिनाला स्क्रूड्रायव्हर टेकवायचा आणि त्याची मूठ कानाला लावून डोळे मिटायचे, अशी त्यांची पद्धत, म्हणून कानवाले. त्यांनी पाच मिनिटं डोळे मिटले. मला वाटलं झोपले.

"काका, इंजिन ठणठणीत आहे. फक्त ऑइल बदला. साधं टाका, नेहमीचं."

एवढंच बोलले हो ते. तिथेच विषय संपायचा. पण लेक नेमका चप्पल घालत होता.

"साधं कशाला? सिंथेटिक टाका. जग कुठे गेलंय."

"जग जाऊ दे," मिस्त्री म्हणाले, "हे इंजिन इथेच आहे. जुन्या इंजिनात सिंथेटिक टाकलं की ते आतला मळ धुऊन काढतं."

"मग चांगलंच की."

"दादा, त्या मळानंच सांधे बुजलेत. मळ गेला की गळायला लागेल."

"सिंथेटिकचे सगळे कण एका आकाराचे असतात," लेक म्हणाला. हे त्यानं आदल्या मिनिटाला फोनवर वाचलं होतं, मी बघत होते. "गार इंजिनातसुद्धा लगेच सगळीकडे पोचतं. गाडी पहिल्या किकला सुरू. तपासणीत तेच बघतात."

हे दोघांच्या मधे उभे. नोकरीत इतक्या जणांची भांडणं सोडवली, पण तिथे एक जण नक्की खोटं बोलत असायचा. इथे दोघंही खरं बोलत होते. अशा वेळी ह्यांना एकच उपाय माहीत. ह्यांनी फाइल उघडली. वर लिहिलं, "विषय: वाहनातील तेलाबाबत".

फाइल उघडली म्हटल्यावर लोकांची मतं घेणं आलं. वरच्या मजल्यावरच्या विमानवाल्यांना पहिल्यांदा विचारलं. ते चौतीस वर्षं विमानतळावर होते, त्यामुळे आमच्या इमारतीत पंख्यापासून कुकरपर्यंत जे काही फिरतं किंवा शिट्टी मारतं, त्यावर त्यांचा शब्द शेवटचा.

"विमानात कोणी साधं ऑइल टाकतं का?" ते म्हणाले.

"तुम्ही सिंथेटिक टाकायचात?" मी विचारलं.

"मी सामान टाकायचो, वहिनी. पण खिडकीतून दिसायचं सगळं."

ह्यांनी तेही लिहून घेतलं. "प्रत्यक्षदर्शी, अंतरावरून."

मग तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की दातांवरचा थर एकदम काढला तर दात हलतात, म्हणून साधं. त्यांच्याकडचा पेशंट तोंड उघडं ठेवून हातानं नाही नाही म्हणत होता. तो सिंथेटिकवाला निघाला. त्याचं मत लेखी घेतलं, कारण त्याला बोलता येत नव्हतं. पंधरा दिवसांत फाइल एवढी फुगली की तिला दोरी बांधायला लागली. लेकानं सिंथेटिकचा डबा आणून कपाटावर ठेवला. दुसऱ्या दिवशी ह्यांनी त्याच्या बाजूला साध्याचा ठेवला. दोन्ही सीलबंद, दोन्हींवर चिठ्ठी, "नमुना क्रमांक एक", "नमुना क्रमांक दोन". आम्ही त्या दोन डब्यांच्या खाली बसून जेवायचो. घास घेताना सुद्धा कोणाकडे बघून हसले, तर दुसऱ्याला वाटायचं मी बाजू घेतली.

शेवटी घरात मतदान झालं. ह्यांचं मत साध्याला, लेकाचं सिंथेटिकला. माझं मत मी ज्याला दिलं असतं, त्यानं मला आठवडाभर छळलं असतं, म्हणून मी दोघांनाही अर्धं अर्धं दिलं. सूनबाई घरूनच काम करते, खाली गाड्या लावतात त्या बाजूच्या खिडकीशी टेबल टाकून. तिनं कानातलं मीटिंगचं यंत्र काढलं, म्हणाली, "मला कोणतंही चालेल. मी कधी बसणार नाहीये त्याच्यावर," आणि यंत्र परत कानात घातलं.

बरोबरी. ठराव नामंजूर.

तपासणी गुरुवारची. मंगळवारी दुपारी मिस्त्री आले. "काका, मी आज मेव्हण्याचं घर हलवायला चाललोय, शुक्रवारी येईन. काय ठरलं?"

"विचाराधीन आहे," हे म्हणाले.

मिस्त्रींनी खाली बसून इंजिनाचा नट काढला. जुनं ऑइल काळंभोर, थेंब थेंब निथळेपर्यंत काढलं, नट घट्ट बसवला आणि हात पुसत म्हणाले, "तुमचं ठरलं की टाका. एक लिटर. झाकण उघडायचं, ओतायचं, झाकण लावायचं. एवढं तर जमेल ना? पण त्याच्याशिवाय किक मारू नका, इंजिन जागेवर मरेल."

ह्यांनी वर येऊन वहीत लिहिलं, "जुने ऑइल काढले. मिस्त्री. समक्ष," आणि सही केली. त्याच्याखाली लिहिलं, "नवीन ऑइल टाकले," आणि पुढची जागा रिकामी ठेवली.

ती रिकामी जागा मला दिसायला लागली. पाणी प्यायला फ्रिजपाशी गेले की दिसायची. मंगळवारी संध्याकाळी हे टायरची हवा बघायला म्हणून पिशवी घेऊन खाली गेले, अर्ध्या तासानं वर आले. जागा रिकामीच. बुधवारी सकाळी सहाला लेक पळायला गेला. हा मुलगा शाळेत असताना सुद्धा घंटा झाल्यावर चालत जायचा. तोही परत आला, घाम नाही काही नाही, आणि आल्या आल्या साबणानं हात धुतले. जागा रिकामीच. मला वाटलं, उगाच येरझाऱ्या घालतायत दोघं. एक जण नियमावर अडलाय, एक जण हट्टावर, आणि उद्या इंजिन जागेवर मरणार. म्हणजे माझा गुरुवार गेला. एक नाही, सगळे.

बुधवारी दुपारी हे झोपले. मी स्टूल घेतलं, दोन्ही डबे खाली काढले, पिशवीत घातले आणि गेले खाली. मी म्हटलं, माझं मत अर्धं अर्धं होतं ना, मग ऑइलही अर्धं अर्धं. झाकण उघडलं. सिंथेटिक अर्धा लिटर ओतायला घेतलं, तर थोडंसं आत गेलं आणि बाकीचं तोंडाशी येऊन बसलं. गाडी म्हातारी, भूक कमी असणार. आमच्या लेकाला लहानपणी औषध पाजायचे तसं केलं. थोडं ओतायचं, थांबायचं, गाडी जरा इकडे हलवायची, जरा तिकडे हलवायची, पाठीवरून हात फिरवायचा, परत थोडं. मग साधं, तसंच. पाऊण तास लागला, पण सगळं पाजलं. अगदी शेवटचा घोट जाताना तिनं एक बुडबुडा काढला, मला वाटलं ढेकर दिली. डब्यांची सीलं अंगठ्यानं दाबून बसवली आणि डबे परत कपाटावर, चिठ्ठ्यांसकट. वहीत सही केली नाही. सही केली असती तर दोघं माझ्यावर तुटून पडले असते.

गुरुवारी सकाळी घरात तीन आठवड्यांत पहिल्यांदा कोणी ऑइल हा शब्द काढला नाही. मला वाटलं, दमले बिचारे.

मी बहिणीचा डबा भरला, चांगला चार खणांचा. तपासणी झाली की तसंच पुढे तिच्याकडे जायचं होतं. लेक मोटार घेऊन मागून येणार होता, नापास झाल्यावर आम्हाला घरी आणायला. त्यानं मागच्या सीटवरचं सामान आधीच काढून ठेवलं होतं, ते मला फार लागलं.

ह्यांनी किक मारली. काही नाही. दुसरी मारली. किक खाली जाईना, चिखलात पाय रुतल्यासारखी. विसाव्या किकला आतून कोणीतरी गुळणी केल्यासारखा आवाज आला आणि मग धूर सुटला.

धुराचं सांगते. पांढरा, निळसर आणि जाड. विमानवाले गॅलरीतून हात हलवत होते, ते कमरेपर्यंत गेले, मग खांद्यापर्यंत, मग फक्त हात दिसत राहिला. आम्ही निघालो. चौकातल्या वाहतूक पोलिसानं आम्हाला थांबवायला हात वर केला, पण कुठे थांबवायचं ते त्याला दिसेना, म्हणून त्यानं चारही बाजूंची वाहनं थांबवली. मागून येणाऱ्या स्कूटरवालीनं दिवसाढवळ्या दिवा लावला. एका शाळेनं सुट्टी दिली. बरं, शाळेचं सोडा. पण पोलिसाचं खरंय.

"अहो, ही असा धूर का सोडतीय?" मी मागून ओरडले.

"गरम झाली की थांबेल," हे म्हणाले. त्यांच्या आवाजात काहीतरी वेगळं होतं. मी म्हटलं, माझं पाप कळलं की काय ह्यांना.

तपासणीच्या आवारात पहिल्या खिडकीवर अर्ज घेतला. दुसऱ्या खिडकीवर सांगितलं, अर्जाला आधी पहिल्या खिडकीचा शिक्का हवा. पहिल्या खिडकीवर सांगितलं, शिक्का आहे पण शाई दुसऱ्या खिडकीकडे आहे. ह्यांचा चेहरा इतक्या दिवसांत पहिल्यांदा खुलला. माहेरी आलेल्या बाईसारखे ह्या खिडकीवरून त्या खिडकीवर जात होते. मग धूर मोजणाऱ्याकडे गेलो. त्यानं नळी सायलेन्सरमध्ये घातली, यंत्र सुरू केलं, आकडे भराभर वर गेले आणि पडद्यावर नुसत्या रेघा आल्या. त्यानं यंत्राला थापटलं. मग गाडीकडे बघितलं, मग आमच्याकडे.

"मॅडम," त्यानं हाक मारली, "जरा येता का? हे यंत्राबाहेर चाललंय."

निरीक्षक बाई आल्या. सूनबाईच्याच वयाच्या, हातात पॅड, चष्मा केसांत खोचलेला. गाडीभोवती एक चक्कर मारली, खाली वाकून बघितलं.

"काका, ऑइल कोणतं टाकलंय?"

"साधं," हे म्हणाले.

"सिंथेटिक," लेक म्हणाला.

"दोन्ही," मी म्हणाले.

हे सगळं एकाच वेळी. निरीक्षक बाईंनी चष्मा केसांतून काढून डोळ्यांवर घातला.

"किती टाकलं?"

"एक लिटर," तिघंही म्हणालो.

"प्रत्येकी?"

लेक माझ्याकडे बघत होता, मी ह्यांच्याकडे, आणि हे जमिनीकडे.

"म्हणजे तीन," बाई म्हणाल्या. "आत मावतं एक. उरलेलं जाळून जाळून बाहेर येतंय. गाडीला काही झालेलं नाहीये, आजी. तिला अजीर्ण झालंय."

मला तरी पटेना. मी सूनबाईला फोन लावला. ती खिडकीशी बसते ना.

"हो, बघितलं की तिघांना," ती म्हणाली. "बाबा मंगळवारी नवा डबा घेऊन, हा बुधवारी पहाटे आणखी एक नवा डबा घेऊन, तुम्ही दुपारी ते कपाटावरचे दोन घेऊन. मला वाटलं पाळ्या लावल्यात."

"अगं, मग बोलली नाहीस?"

"आई, मला कोणी विचारलं का? मतदानाच्या वेळी विचारलं होतं, तेव्हा मी सांगितलं."

निरीक्षक बाईंनी घड्याळ बघितलं. "मुदतीचा आज शेवटचा दिवस आहे. चारला खिडकी बंद होते. आवारात दुरुस्ती करायला परवानगी नाही. फाटकाबाहेर तुम्ही काय करता, ते बघायला मी येत नाही."

आम्ही गाडी ढकलत फाटकाबाहेर आणली. मी लेकाला बोलणार होते, त्यानं मला बोलायला तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात दोघांनाही दिसलं की हे कडेच्या दगडावर जाऊन बसलेत. टोपी मांडीवर. आयुष्यभर ह्या माणसानं कमी माप देणाऱ्यांना पकडलं होतं, आणि आज सुनेच्या वयाच्या बाईनं त्यांना तिप्पट मापात पकडलं. त्यांच्याच खुर्चीसारख्या खुर्चीवरून उठून येऊन.

मी शेजारी जाऊन बसले.

"सही न करता काम केलंत?" मी हळूच विचारलं.

"केलं."

"ठराव नसताना?"

"नव्हता." हे बराच वेळ टोपी फिरवत राहिले. "ठराव झाला नसता. तो हटणार नव्हता, मी हटणार नव्हतो. आणि तुझा गुरुवार गेला असता."

चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या संसारात ह्यांनी मला जी काही वाक्यं म्हटली, त्यातली बरीचशी वहीत आहेत. हे नाहीये.

लेक मागे उभा होता, त्यानं ऐकलं असणार. त्यानं शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि सीटखालच्या पिशवीतून पाना काढला. ह्या मुलानं आजवर पाना फक्त फोनमधल्या चित्रात बघितला होता.

"बाबा, कुठल्या बाजूला फिरवू?"

"डावीकडे," हे बसल्या जागेवरून म्हणाले. "थांब. आधी खाली भांडं लाव. तीन लिटर रस्त्यावर सोडणार आहेस का?"

भांडं कुठे होतं? बहिणीचा डबा होता. चार खणांचा, भरलेला. आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं आणि फाटकाच्या भिंतीला टेकून जेवायला बसलो. बहिणीसाठी दोन दिवसांचं केलं होतं, ते बारा मिनिटांत संपवलं. धूर मोजणारा जेवायच्या सुट्टीत बाहेर आला, त्यालाही एक खण दिला, कारण आम्हा तिघांना संपेना. तो म्हणाला, "आजी, आमच्या यंत्रानं तुमच्यासारखं काही आधी बघितलं नव्हतं." मी ते कौतुक समजते.

मग नट निघाला. ऑइल आलं ते असं आलं की एक खण भरेपर्यंत दुसरा पुढे सरकवायचा. लेकाचे हात कोपरापर्यंत काळे. चारही खण भरले, तेव्हा गाडीतून बारीक धार पडत होती, ती ह्यांनी डिकीतल्या त्या पितळी मापात धरली. मापाला हात लागला आणि हे उठून उभे राहिले. डोळ्यांसमोर माप धरलं, एका डोळ्यानं बघितलं, खणातलं थोडं घातलं, थोडं परत काढलं. नट बसवला. लेकानं कागदाचं नरसाळं करून झाकणाच्या तोंडाशी धरलं आणि ह्यांनी एक लिटर ओतलं, एक थेंब बाहेर न पाडता.

"आता ह्यात कोणाचं किती आहे?" लेकानं विचारलं.

"माझं एक साधं. तुझं एक सिंथेटिक. तुझ्या आईचं अर्धं हे, अर्धं ते." ह्यांनी मनाशी हिशेब केला. "दीड आणि दीड. म्हणजे ह्या लिटरात बरोबर अर्धं अर्धं."

"म्हणजे आईचं मत पास झालं."

"झालं खरं," हे म्हणाले, आणि जरा हसले.

तरी धूर लगेच थांबला नाही. आतलं उरलंसुरलं जळून जायला हवं होतं, म्हणून लेकानं गाडी घेतली आणि फाटकासमोरच्या रस्त्यावर फेऱ्या मारायला लागला. पहिल्यांदा तोंड वाकडं करून. सातव्या फेरीला त्याचं तोंड सरळ झालं. बाराव्या फेरीला तो शीळ घालत होता. साडेतीनला ह्यांना हाक मारून थांबवावं लागलं.

यंत्रानं आकडा दाखवला, माणसासारखा. निरीक्षक बाईंनी गाडी स्वतः चालवून बघितली, ब्रेक दाबला, वळवली, दिवे लावले, हॉर्न वाजवला. चारला सहा मिनिटं कमी असताना अर्जावर सही केली. आमचे हे पुढे वाकले.

"मॅडम, इंजिनात साधं आणि सिंथेटिक समप्रमाणात आहे. तशी नोंद घ्याल का?"

बाईंनी अर्ज वरपासून खालपर्यंत चाळला. "काका, ऑइलचा रकानाच नाहीये ह्यात."

"कुठेच नाही?"

"कुठेच नाही. चालतं दोन्ही. मापात टाका म्हणजे झालं."

साडेतीन आठवडे, दोरी बांधलेली फाइल, विमानवाल्यांची साक्ष, त्या बिचाऱ्या पेशंटचा कागद. सरकारला त्यातलं काही नकोच होतं.

संध्याकाळी आम्ही बहिणीकडे पोचलो. एकही थेंब न सांडता तीन जिने चढले, हातात डबा. ती खिडकीशीच बसली होती. म्हणाली, "आज उशीर केलास गं, मला वाटलं संपल्या गोष्टी." मग तिची नजर डब्यावर गेली. मी थांब म्हणायच्या आत तिनं वरचा खण उघडला.

"ताई, हे काय आणलंस?"

मग मी पहिल्यापासून सांगितलं. फाइल सांगितली, मतदान सांगितलं, गाडीची ढेकर सांगितली. तिच्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ती हसली. हे समोर खुर्चीत बसून चहा पीत होते. मी शेवटी फाटकाबाहेरचा दगडही सांगितला, टोपी मांडीवर होती तेही सांगितलं.

ती डोळे पुसून सावरून बसली.

"ताई, ह्यातलं खोटं किती?"

"शाळा सुटली नव्हती. बाकी सगळं खरं."

"पोलिसानं चारही रस्ते बंद केले?"

"केले."

"दोन दिवसांचं जेवण बारा मिनिटांत?"

"विचार ह्यांना."

"बरं. एवढं सगळं मानते मी," ती म्हणाली. "पण भावोजींनी वहीत सही न करता काम केलं, हे मात्र तू वाटेत तयार केलंस."

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी कप शांतपणे बशीत ठेवला.

"तिला सवयच आहे," हे म्हणाले.

मी काही बोलले नाही. पुढच्या गुरुवारी मला पुन्हा ह्यांच्याच मागे बसून यायचं होतं.